नसलेल्या झाडाला मिठी

दाऊद तांडेल रोज सकाळी आपल्या वाडीत उभे राहून एका झाडाला मिठी मारीत असत. ते झाड तेथे नव्हते.

वाडीत झाडे पुष्कळ होती. माड होते, पोफळी होत्या, कोपऱ्यात एक फणस होता. त्यांपैकी कोणालाही मिठी मारण्यास माझी हरकत नव्हती. परंतु तांडेल दोन माडांच्या मधल्या मोकळ्या जागेत जात, पाय खांद्यांइतके फाकवून व गुडघे किंचित वाकवून उभे राहत, दोन्ही हात छातीसमोर वर्तुळाकार धरीत आणि मग हलत नसत. मुंबईची आगबोट भोंगा वाजवून बंदराबाहेर थांबे, पडावांतून उतारू किनाऱ्याला येत, आगबोट पुढे श्रीवर्धनकडे निघून जाई, तांडेल तसेच. कावळे त्यांच्या खांद्यावर बसत. शेजारची शेळी एकदा त्यांच्या लुंगीचा काठ चघळून गेली. गावात नव्याने आलेला पोस्टमन त्यांना हाका मारून थकला आणि माझ्याकडे येऊन म्हणाला, "पलीकडचे गृहस्थ उभ्या उभ्या वारलेले दिसतात." मी त्याला टपाल गडग्यावर ठेवून जाण्यास सांगितले.

तो दगडांचा बुटका गडगा त्यांच्या व माझ्या वाडीच्या मध्ये होता. त्या काळी मी मुरुडच्या शाळेत हेडमास्तर होतो. पहिले महायुद्ध संपून काही वर्षे झाली होती. तांडेल नोकरी सोडून कायमचे घरी आले ते याच सुमारास. त्यांचे सारे आयुष्य परदेशी बोटींच्या तळाशी गेले होते. भट्टीत कोळसा टाकणाऱ्या आगवाल्यांवर ते मुकादम होते. माणूस उंचीने बेताचा, रुंदीने भरपूर, दाढी पांढरी, आणि हाताच्या त्वचेत कोळशाचे निळे ठिपके कायमचे मुरलेले.

मुरुडचे खलाशी चीनहून परत येत तेव्हा कोणी किटली आणी, कोणी रेशीम, कोणी ठोक्याचे घड्याळ. तांडेलांनी उभे राहणे आणले. त्यांच्या पत्नी हलिमाबी यांचे मत याविषयी स्पष्ट होते. "बाकीच्यांच्या घरवाल्यांना रेशीम मिळालं," त्या माझ्या पत्नीला सांगत. "माझा माणूस खांब होऊन आला."

त्या उभे राहण्याला चीनमध्ये ची-कुंग म्हणतात, असे तांडेलांनी मला सांगितले. तिकडचे मल्ल मूठ उगारण्याआधी, भाला-तलवार धरण्याआधी हे शिकतात. आधी श्वास कमवावयाचा, मग हात. "ची म्हणजे दम," ते म्हणाले. थोडा विचार करून त्यांनी पुस्ती जोडली, "दम नाय. पण दमच." एखाद्या विद्यार्थ्याने असे उत्तर लिहिले असते तर मी त्याला गुण दिले नसते. तांडेलांना मी पुढे बोलू दिले.

"डोकं आभाळाला टांगलेलं ठेवायचं. जीभ टाळूला. खांदे पडलेले. वजन टाचेत नाय, बोटांत नाय, मधे. दम बेंबीच्या खाली सोडायचा, मास्तर. तुमी दम गळ्यात ठेवता."

"मी गळ्याचाच धंदा करतो," मी म्हणालो.

त्यांच्या तोंडी एक चिनी शब्द बसला होता: सुंग. सुंग म्हणजे सैल. "पण ढिला नाय," ते बजावीत. "ढिली म्हणजे ओली गोणी. सुंग म्हणजे मांजर." हा शब्द मुरुडात कोठेही वापरण्यास ते कचरत नसत. न्हाव्याने वस्तरा उचलला की ते त्याला सांगत, "मनगट सुंग ठेव." सुताराला रंधा मारताना सांगत. एकदा बाजारात दोन कोळणी एका गिऱ्हाइकावरून हातघाईवर आल्या. तांडेल मध्ये गेले आणि म्हणाले, "सुंग, बायांनो, सुंग." दोघींनी भांडण तत्काळ थांबविले व ही शिवी कोणत्या प्रकारची आहे याची एकजुटीने चौकशी केली. तांडेल त्या दिवशी मासळी न घेता परतले.

मला पाहिले की ते मान हलवीत. "तुमच्या मानेत छडी हाय, मास्तर."

"छडी शाळेत आहे," मी म्हणे. "मानेत आहे ते वळण."

मोहल्ल्यात प्रथम या उभे राहण्याची थोडी चिंता उत्पन्न झाली. मौलवीसाहेब स्वतः चौकशीस आले. तांडेल उभेच होते, म्हणून मौलवीसाहेबांना थांबावे लागले. पुढचे संभाषण मी गडग्यापलीकडून ऐकले.

"दाऊदमिया, ही इबादत कोणाची?"

"इबादत नाय, मौलवीसाब. कसरत."

"कसरतीत माणूस हलतो."

"ही न हलायची कसरत हाय."

मौलवीसाहेबांनी बराच वेळ विचार केला. अखेर, जो माणूस हलत नाही त्याच्या हातून पाप होण्याचाही संभव कमी, एवढे म्हणून ते चहाला आत गेले. आमच्या आळीत उलट प्रकार झाला. तपश्चर्या समजून काही बायका गडग्यावर फुले ठेवू लागल्या. हलिमाबींनी ती वेणीत माळली आणि शक्य तर मोगऱ्याची ठेवावीत, असा निरोप पाठविला. फुले बंद झाली.

तांडेलांची इच्छा एकच होती आणि ती त्यांनी कधी लपविली नाही. त्यांना एक शागीर्द हवा होता. संध्याकाळी मी गडग्यापाशी फेऱ्या घालीत असे व ते गडग्यावर हात टेकून उभे असत. आगबोटीने आलेले मुंबईचे वर्तमानपत्र मी त्यांना वाचून दाखवी. त्यात चीनची काही बातमी असली तर ती ते पुन्हा वाचावयास लावीत, आणि मग त्यांचे बोलणे हटकून या विषयावर येई.

"एक शागीर्द मिळाला की झालं. मी खाली गेलो की हे पण खाली जाईल. आणि कबरीत उभं राहता येत नाय, मास्तर."

उमेदवार आले नाहीत असे नाही. पोस्टमास्तर अपचनासाठी आले. ते उभे राहिले, परंतु उभे असताना यकृतावर याचा परिणाम किती दिवसांत होतो आणि बसून करण्यासारखा एखादा प्रकार आहे काय, असे विचारीत राहिले. आळीतला सोनार फार चांगला उभा राहिला. इतका निश्चल राहिला की तांडेलांना त्याच्याविषयी मोठी आशा वाटू लागली. तो घोरू लागला तेव्हा ती मावळली. तांडेलांची अट एवढीच होती की उभे राहावयाचे आणि याने काय मिळेल हे विचारावयाचे नाही. अट मोठी नव्हती. परंतु काय मिळेल हे न विचारता आमच्या गावात कोणी सावलीतसुद्धा उभा राहत नसे.

एकदा त्यांनी मलाही विचारले. मी सांगितले, "उभे करणे ही माझ्या शाळेत शिक्षा आहे. तिला मी विद्या म्हणू लागलो तर शाळा बंद पडेल." तांडेल इतके हसले की बेंबीखालचा सारा दम वर आला. विषय तेथे संपला, पण दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा शागीर्द निघालाच.

आता लखूविषयी सांगितले पाहिजे. लखू जातीचा भंडारी. पहाटे माडावर चढून माडी उतरवणे हा त्याचा धंदा, आणि संध्याकाळी मारुतीच्या देवळामागच्या तालमीत कुस्ती हा त्याचा शौक. पंचक्रोशीत त्याची पाठ कोणी लावलेली नव्हती. माझ्या वाडीतले काही माड त्याच्याकडे होते. माडाच्या शेंड्यावरून तांडेल त्याला स्वच्छ दिसत, आणि दिसले की त्याला गप्प बसवत नसे.

"ओ तांडेल, झाड पळालं काय?"

तांडेल निश्चल.

"आज मिठी सैल दिसती. भांडान झालं जनू."

उभे असताना बोलण्यास मनाई होती. त्यामुळे लखूचा टोमणा सूर्य उगवताना येई आणि तांडेलांचे उत्तर न्याहारीच्या वेळी तयार होई. तोवर लखू चार वाड्या पुढे गेलेला असे. उत्तर मला ऐकावे लागे. काही उत्तरे बरी होती.

एका श्रावणातल्या सकाळी लखू माडावरून उतरला तो थेट गडग्यापाशी आला. तांडेल नुकतेच मोकळे होऊन हात चोळीत होते.

"तांडेल, चिन्याकडनं शिकलासा म्हनता, तर येक डाव तरी दावा. नुसतं उभं ऱ्हायला काय, खांबबी ऱ्हातो."

"खांबाला हलवून बघितलास कधी?"

"खांबाला कशापाई हलवू? घर पडंल."

"मला हलव," तांडेल म्हणाले. "मी हात उचलणार नाय. नुसता उभा राहीन. तू मला जागेवरून हलव."

लखूने त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिले. त्यांचे वय त्याला आडवे येत असावे. "आन् न्हाय हललासा तर?"

"तर तू माझा शागीर्द."

"आन् हललासा तर?"

तांडेलांनी दोन माडांमधल्या त्या जागेकडे एकदा पाहिले. "हललो तर उद्यापासून उभा राहणार नाय."

"या अल्ला, हलव रे बाबा त्यांना," हलिमाबी आतून म्हणाल्या.

लखू हसला. मीही हसण्याच्या बेतात होतो. तांडेलांचा चेहरा पाहून हसलो नाही. त्यांच्यापाशी पैजेवर लावण्यासारखी एकच वस्तू होती आणि ती त्यांनी लावली होती.

ठिकाण किनारा ठरला आणि दिवस नारळी पौर्णिमेचा. समुद्राची पूजा संध्याकाळी. सकाळी सर्व गाव मोकळे होते. पंच म्हणून माझी निवड एकमताने झाली, कारण माझ्यावर प्रेम असे कोणाचेच नव्हते. भरती चढत होती. पाणी तांडेलांच्या गुडघ्याला लागेपर्यंत लखूने त्यांना हलवावयाचे, असे ठरले. मी त्यांच्या पायांभोवती वाळूत काठीने रेघ ओढली. पहिल्याच लाटेने ती पुसली. म्हणून मी माझी छत्री मिटून त्यांच्या टाचेमागे वाळूत रोवली. टाच छत्रीच्या पलीकडे गेली की तांडेल हरले.

तांडेलांनी डोळे अर्धे मिटले आणि नेहमीच्या झाडाला मिठी मारली.

लखूने प्रथम एका हाताने, लाजत लाजत ढकलले, जसे म्हाताऱ्याला रस्ता ओलांडून द्यावा तसे. काही झाले नाही. मग दोन हातांनी. मग खांदा लावून. तालमीतली मंडळी ओरडू लागली. मोहल्ल्यातली मंडळीही ओरडू लागली. कोळीवाडा आपल्या होड्या रंगवावयाच्या सोडून आला आणि दोन्ही बाजूंनी ओरडू लागला. लखूची मान लाल झाली. तो जितका जोर लावी तितके त्याचेच पाय मागे सरकत. त्याच्या टाचांनी ओल्या वाळूत दोन चर पाडले आणि त्या चरांत पाणी भरले. तांडेल कमरेत किंचित झुकत आणि परत जागेवर येत. वारा सुटल्यावर माड करतो त्याहून काही वेगळे ते करीत नव्हते.

शेवटी लखू बराच मागे गेला, त्याने दंडावर थाप मारली आणि धावत येऊन खांद्याने धडकला. त्याच वेळी मोठी लाट आली. पाणी ओसरले तेव्हा माझी छत्री समुद्राकडे निघाली होती, लखू कमरेपर्यंत पाण्यात बसला होता, आणि तांडेल होते तेथे होते. पाणी गुडघ्याला लागले होते.

याचा खुलासा मुरुडात आजतागायत झालेला नाही. एका पक्षाचे म्हणणे, ही विद्या. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे, भरतीच्या वाळूत उभा राहिलेला माणूस घोट्यापर्यंत रुततो आणि मग त्याला हत्तीसुद्धा हलवू शकत नाही. मी दोन्ही पक्षांचे ऐकून घेतले व पंचाचे काम टाच कोठे आहे ते पाहण्याचे असते, असे सांगितले.

लखू पाण्यात बसल्या बसल्या वर पाहत होता. "परत येकदा करूया?" तो म्हणाला. मग स्वतःच म्हणाला, "न्हाय, ऱ्हाऊ द्या." आणि त्याने तांडेलांच्या पायांना हात लावला. लोकांनी आरोळी दिली. मी त्या वेळी छत्रीच्या मागे पाण्यात गेलो होतो. परत आलो तेव्हा तांडेल एकटेच घराच्या वाटेला लागलेले दिसले. पैज जिंकलेला माणूस तसा चालत नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे लखू नारळ, नवा पटका आणि माडीची कळशी घेऊन तांडेलांच्या दारात हजर झाला. कळशी मी गडग्यावरूनच परत पाठविली. दार हलिमाबींनी उघडले आणि तांडेलांना बरे नाही म्हणून सांगितले. त्याच्या दुसऱ्या दिवशीही बरे नव्हते. त्यानंतरही नव्हते. दोन माडांमधली जागा सकाळी मोकळी राहू लागली. लखू यावयाचा, गडग्याच्या पायथ्याशी बसावयाचा, आणि ऊन वर आले की कामाला जावयाचा. ज्या शागीर्दाची वाट पाहण्यात तांडेलांची इतकी वर्षे गेली होती, तो दाराशी बसला होता आणि तांडेल आत होते. मला हे अव्यवस्थित वाटले. मी शाळेला निघण्यापूर्वी त्यांच्या ओटीवर गेलो.

तांडेल झोपाळ्यावर बसले होते. त्यांना बसलेले मी क्वचितच पाहिले होते.

"काय होते आहे?" मी विचारले.

"अंगात कणकण हाय, मास्तर."

"कणकण," हलिमाबी आतून म्हणाल्या. "आत्ता बांगड्याचं सालन आणि भाकरी खाऊन बसलेत."

मी वाट पाहिली. वर्गात उत्तर न येणाऱ्या मुलासमोर उभे राहून वाट पाहणे मला चांगले जमते.

"पोरगा खरा हाय," तांडेल म्हणाले. "तो उभा राहील. वरीसभर राहील. एक शब्द बोलणार नाय. मग एक दिवस मला बोलेल, तांडेल, आता पुढचं."

"मग पुढचे शिकवा."

"पुढचं मला येत नाय."

हलिमाबींची भांडी थांबली.

तांडेलांनी मग सांगितले ते असे. बोटीच्या भट्टीवर त्यांच्या छातीत कोळसा बसला. खोकला इतका वाढला की कप्तानाने त्यांना एका चिनी बंदरात उतरविले व खलाशांच्या खानावळीत टाकले. खानावळीमागे एक अंगण होते. तेथे एक म्हातारा चिनी रोज पहाटे गोदीतल्या हमालांना लढावयास शिकवी. तीन रांगा असत. पहिली नुसती उभी राही. दुसरी हात फिरवी. तिसरी लढे. तांडेल खोकत खोकत दारातून पाहत. एका सकाळी म्हाताऱ्याने येऊन त्यांचे कोपर धरले आणि त्यांना पहिल्या रांगेच्या टोकाला नेऊन उभे केले. त्याची भाषा यांना येत नव्हती, यांची त्याला नव्हती. तो बोटाने गुडघा दाबी, खांदा दाबी, आणि सुंग म्हणे. सारा हिवाळा असा गेला. खोकला गेला.

"एका सकाळी उस्तादनं माझं मनगट धरलं," तांडेल म्हणाले. "रांगेतून बाहेर काढलं. दुसऱ्या रांगेकडे न्यायला लागला. आणि बोटीवर खलाशी भरणारा दलाल अंगणात आला. बोट लागली, आजच्या आज निघायचं. उस्तादनं बंदराकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, कायतरी बोलला. काय ते ठाऊक नाय. जा बोलला असेल. परत ये बोलला असेल."

"तुम्ही परत गेला होतात?"

"पुढच्या खेपेला धावत गेलो. अंगण नव्हतं. गोदाम होतं. विचारणार कोणाला, आणि कसं? मी भिंतीसमोर उभा राहिलो. पहारेकरी हलवायला आला. नाय हललो. तो कंटाळून गेला. मग आमच्या बोटीचा भोंगा झाला."

झोपाळा थांबला होता.

"मग इतकी वर्षे शागीर्द कशाला मागत होतात?" मी विचारले. माझा आवाज शाळेतल्याहून वेगळा नसावा.

तांडेलांनी हाताच्या निळ्या ठिपक्यांकडे पाहिले. "तिकडे रांग होती, मास्तर. माझ्या डाव्या हाताला एक हमाल होता, त्याच्या पलीकडे दुसरा. कोणाचं नाव ठाऊक नाय. पण दम सगळ्यांचा एकदम आत यायचा, एकदम बाहेर जायचा. इथे माझा एकट्याचा येतो."

मी गडग्याकडे, लखूकडे पाहिले.

"तुमी सांगा त्याला," ते म्हणाले. "तुमचं ऐकतात."

"मी पंच होतो," मी म्हणालो. "वकील नव्हतो. तुम्ही सांगा."

ते उठले. अंगण ओलांडून गडग्यापाशी गेले. लखू पटका मांडीवर घेऊन बसला होता, तो उभा राहिला.

"लखू, मला एकच धडा येतो," तांडेल म्हणाले. "पहिला. पुढचा उस्तादनं दिला नाय. तू दुसरा कोणी बघ."

लखूचा चेहरा उतरला. तो लपविण्याची कला तालमीत शिकवीत नसावेत. "म्हंजे डाव न्हाईत?"

"नाय."

"येकबी?"

"एक पण नाय."

"मंग मला पान्यात बसवलंसा, ते काय व्हतं?"

"तू बसलास. मी उभा होतो."

लखूने हे मनात दोनदा फिरविले असावे. मग तो म्हणाला, "ह्यो पयला धडा. तो तुमाला पुरता आलाय?"

तांडेल खोटे बोलणारे गृहस्थ नव्हते. त्यांनी समुद्राकडे पाहिले, मग त्या दोन माडांकडे, आणि म्हणाले, "नाय. अजून नाय."

"माझ्या बापानं मला माडावर चढाया शिकवलं," लखू म्हणाला. "उतराया शिकवायच्या आधीच म्हातारा गेला. उतराया मी वरच बसून शिकलो." त्याने नारळ गडग्यावर ठेवला, पटका त्याच्याशेजारी ठेवला. "मला घाई न्हाय, तांडेल."

काय मिळेल हे त्याने विचारले नाही. माझ्या ते लक्षात आले. तांडेलांच्याही आले असावे, कारण ते पटक्याकडे फार वेळ पाहत राहिले.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी गडग्यापाशी गेलो. गुरू व शिष्य कसे उभे राहतात हे मला ठाऊक आहे. आयुष्यभर मी एका बाजूस उभा राहिलो. तांडेल पुढे असतील व लखू त्यांच्याकडे तोंड करून असेल, अशी माझी समजूत होती. तसे नव्हते. दोघे एका रांगेत होते, खांद्याला खांदा, दोघांची तोंडे एकाच दिशेला. तांडेल रांगेच्या टोकाला उभे होते. लखूचा श्वास प्रथम बैलासारखा चालला होता. हळूहळू तो उतरला. काही वेळाने दोन श्वासांतला कोणता कोणाचा, हे मला सांगता येईना.

त्यांच्या समोर, जेथे शिकविणारा उभा राहतो तेथे, दोन माडांच्या मध्ये एक माणूस उभा राहील एवढी जागा मोकळी सोडलेली होती.

हलिमाबी झाडू घेऊन बाहेर आल्या. त्यांनी अंगण झाडले, मग ती जागाही झाडली, तिच्यावर पाण्याचा हात फिरविला आणि त्या घराकडे वळल्या. सरळ वाट त्या जागेवरून जात होती. त्या वळसा घालून गेल्या.